न झालेल्या युद्धांचा सेनापती

1954च्या वसंतात अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात उतरण्याच्या अगदी बेतात होती. तिथल्या दिएन बिएन फूच्या खोऱ्यात आपली वसाहत राखू पाहणारे फ्रेंच सैन्य वेढले गेले होते. भोवतालच्या डोंगरांवर व्हिएतमिन्हच्या, म्हणजे फ्रेंचांशी लढणाऱ्या साम्यवादी संघटनेच्या माणसांनी तोफा अक्षरशः हातांनी ओढत चढवल्या होत्या आणि खालची धावपट्टी निकामी करून टाकली होती. पॅरिसहून वॉशिंग्टनला मदतीचे निरोपावर निरोप येत होते. संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष ॲडमिरल आर्थर रॅडफर्ड हवाई हल्ल्याच्या बाजूचे होते. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांना साम्यवाद्यांची आगेकूच तिथेच रोखायची होती. वेळ आलीच तर जमिनीवर सैन्यही पाठवावे लागेल, असे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन वृत्तपत्रांच्या संपादकांपुढे बोलून गेले होते.

या सगळ्यात ठामपणे 'नाही' म्हणणारा माणूस होता लष्करप्रमुख जनरल मॅथ्यू रिजवे. त्याचे म्हणणे साधे होते. नुसत्या विमानांनी हे भागणार नाही. आज विमाने गेली की उद्या त्यांच्या मागोमाग पायदळ जाणार, मग ते पायदळ तिथे कसे उतरेल, काय खाईल आणि कोणत्या रस्त्याने चालेल, हे आजच पाहू. त्याने अभियंते, रसदवाले, दळणवळणवाले अशा जाणकार अधिकाऱ्यांचे एक पथक इंडोचायनात, म्हणजे व्हिएतनाम आणि शेजारच्या फ्रेंच मुलखात, पाठवले. पथकाने परत येऊन सांगितले ते असे: मोठ्या फौजेचे सामान उतरवून घेतील अशी बंदरे नाहीत, ते ठेवायला गोदामे नाहीत, रस्ते अपुरे, रेल्वे मोडकी, टेलिफोनच्या तारा जवळजवळ नाहीतच. वर भातखाचरांचा चिखल, पावसाळा, जंगल आणि प्रत्येक गावात मिसळून राहणारा शत्रू. लष्कराचा अंदाज सात डिव्हिजनचा, म्हणजे हजारो सैनिकांच्या सात मोठ्या तुकड्यांचा, होता आणि चीन उतरला तर बाराचा. बंदरे, धावपट्ट्या, रस्ते बांधायला लागणारे मनुष्यबळ आणखी वेगळे. हा हिशेब राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यापर्यंत गेला. त्यांची स्वतःची हयात अशाच हिशेबांत गेलेली असल्याने त्यांना तो समजावून सांगावा लागला नाही.

युद्ध टळले ते एकट्या रिजवेमुळे, असे मात्र म्हणता येत नाही. ब्रिटनने साथ द्यायला नकार दिला होता. आयसेनहॉवर यांनाही एकट्याने जायचे नव्हते. 3 एप्रिलला डलेस आणि रॅडफर्ड यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, प्रमुख नेत्यांना बोलावले, तेव्हा त्या नेत्यांनीच कठीण प्रश्न विचारले. त्यातला एक प्रश्न फार मोलाचा होता: ॲडमिरल, तुमच्या या योजनेला बाकीचे सेनाप्रमुख सहमत आहेत का? रॅडफर्ड यांना 'नाही' असे उत्तर द्यावे लागले आणि बैठकीचा रंग पालटला. मित्रराष्ट्रांचे काय, हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत सिनेटमधले डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते लिंडन जॉन्सनही होते. 7 मे रोजी दिएन बिएन फू पडले. अमेरिका गेली नाही.

रिजवेने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की, परमेश्वरापुढे आयुष्याचा जाब द्यायची वेळ येईल, तेव्हा आपल्याला सर्वांत नम्र अभिमान वाटेल तो हजारो माणसांचे प्राण घेणाऱ्या काही अविचारी योजनांना आपण विरोध केला याचा. नॉर्मंडीत छत्रीने उडी घेतलेला, कोरियात हरत चाललेले सैन्य पुन्हा उभे केलेला हा सेनापती. त्याला जिंकलेल्या लढायांपेक्षा न झालेल्या लढाया आपल्या खाती जमा कराव्याशा वाटल्या.

माझा मुद्दा याच हिशेबापाशी आहे. सेनापतीची थोरवी आपण चढाईवर मोजतो. पोवाडे चढाईचे, पुतळे चढाईचे, चौकांची नावेही चढाईचीच. एखाद्या सेनापतीने बंद खोलीत उभे राहून, कागदावर आकडे मांडून, राज्यकर्त्यांना न आवडणारा सल्ला दिला आणि त्यामुळे वीस-पंचवीस हजार घरांतली मुले जिवंत राहिली, तर त्या घरांनाही ते कळत नाही. लोकशाही देशाला असा सल्ला देणारे सेनापती लागतात. त्याहून जास्त, असा सल्ला वरपर्यंत पोहोचू देणारी व्यवस्था लागते. रिजवेच्या कारकिर्दीत ही व्यवस्था एकदा चालली आणि पुढे मोडली. दोन्हीचे परिणाम जगाने पाहिले.

हा माणूस 3 मार्च 1895 रोजी व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या लष्करी ठाण्यात जन्मला. वडील तोफखान्यातले कर्नल, बालपण छावण्यांत गेलेले. एप्रिल 1917मध्ये, म्हणजे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली त्याच महिन्यात, तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडला, पण त्याला युरोपच्या आघाडीवर कोणी पाठवले नाही. पुन्हा वेस्ट पॉइंटलाच नेमून स्पॅनिश शिकवायला लावले. युद्ध न पाहिलेला अधिकारी म्हणजे कारकीर्द संपलीच, असे त्याला वाटले होते. पुढची वीस-बावीस वर्षे चीन, निकाराग्वा, फिलिपिन्स आणि जॉर्ज मार्शल यांच्या हाताखाली युद्धयोजना विभाग अशी गेली. 1942मध्ये 82वी डिव्हिजन त्याच्याकडे आली आणि लगेच ती छत्रीधारी करण्याचे ठरले. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता.

जुलै 1943 आणि सप्टेंबर 1943 या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय 1954चा रिजवे समजणार नाही.

सिसिलीच्या स्वारीत 11 जुलैच्या रात्री त्याच्या डिव्हिजनची एक रेजिमेंट विमानांतून उतरायची होती. वाट आपल्याच आरमारावरून आणि आपल्याच विमानविरोधी तोफांवरून जाणारी. रिजवेला धास्ती होती की आपलेच लोक गोळ्या झाडतील. त्याने आधीपासून लेखी हमी मागितली, पाठपुरावा केला, वरून आदेश काढवून घेतले. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या तोफांच्या ठाण्यांवर स्वतः जाऊन विचारपूसही केली. बहुतेकांना निरोप मिळाला होता, एका ठाण्यावर मात्र कोणाला काहीच ठाऊक नव्हते. रात्री पहिली विमाने सुखरूप गेली. मग कुठून तरी एका बंदुकीने सुरुवात केली आणि पाहता पाहता किनारा आणि जहाजे मिळून आकाशावर आग ओकू लागली. 144 विमानांपैकी 23 विमाने आपल्याच गोळीबारात पडली. रिजवे खाली धावपट्टीपाशी आपल्या माणसांची वाट पाहत उभा होता.

दोन महिन्यांनी त्याच्यापुढे रोमची योजना आली. इटली शरण यायला तयार होती. मुख्य सैन्य सालेर्नोला उतरणार आणि त्याच सुमारास 82व्या डिव्हिजनने थेट रोमजवळच्या विमानतळांवर उतरून इटालियन सैन्याच्या मदतीने राजधानी हाती घ्यायची, असा बेत. इटालियन सेनापतींनी सगळी वचने दिली होती: विमानतळ आम्ही सांभाळू, तोफा गप्प ठेवू, मालमोटारी देऊ, इंधन देऊ. रोमभोवती जर्मन सैन्य होते आणि सालेर्नो तिथून दीडशे मैलांच्या आसपास. रिजवेने शंका काढल्या तेव्हा तिथल्या मित्रराष्ट्रांच्या भूदलाचे ब्रिटिश प्रमुख जनरल अलेक्झांडर यांनी त्याला चिंता करू नकोस असे सांगितले, तीन दिवसांत, फार तर पाचात आपले सैन्य तुझ्यापर्यंत पोहोचेल.

रिजवे ऐकून घरी गेला नाही. तो तेव्हा मित्रराष्ट्रांचे सरसेनापती असलेल्या आयसेनहॉवर यांचे प्रमुख सहायक बेडेल स्मिथ यांच्याकडे गेला, पुन्हा अलेक्झांडर यांच्याकडे गेला. शेवटी एवढे पदरात पाडून घेतले की, उडी मारण्याआधी आपला माणूस रोममध्ये जाऊन प्रत्यक्ष पाहून येईल. त्याच्या तोफखान्याचा प्रमुख ब्रिगेडियर जनरल मॅक्सवेल टेलर आणि विमानदलाचा एक कर्नल, असे दोघे समुद्रमार्गे इटलीत शिरले आणि रुग्णवाहिकेत लपून रोमला पोहोचले. तिथे त्यांना कळले की वचने कागदावरच आहेत. इटालियन सैन्याकडे पुरेसे इंधन नाही, दारूगोळा नाही आणि पंतप्रधान बडोलिओ शरणागती जाहीर करायलाच कचरत आहेत. टेलरने रेडिओवरून योजना रद्द करण्याचा निरोप धाडला. निरोप सिसिलीत पोहोचला तेव्हा सैनिक विमानांत चढत होते.

रोम मित्रराष्ट्रांच्या हाती आले ते 4 जून 1944 रोजी. अलेक्झांडर यांच्या पाच दिवसांचे जवळजवळ नऊ महिने झाले. मधल्या काळात रोमच्या वेशीवर एकट्या डिव्हिजनचे काय झाले असते, हे सांगायला कोण्या युद्धतज्ज्ञाची गरज नाही. जुलैमध्ये आश्वासनावर माणसे गेली, म्हणून सप्टेंबरमध्ये रिजवेने आश्वासनाऐवजी पाहणी मागितली. इंडोचायनात पथक पाठवताना त्याने वेगळे काही केले नाही.

अशा माणसाला भित्रा म्हणणे सोपे असते. युद्धाला विरोध करणाऱ्या सेनापतीवर हा शिक्का लगेच बसतो, आपल्याकडे तर फारच लवकर बसतो. म्हणून कोरियाचा भाग नीट पाहायला हवा.

डिसेंबर 1950मध्ये चिनी सैन्याने संयुक्त राष्ट्रांच्या फौजेला चीनच्या सीमेवरच्या यालू नदीच्या परिसरातून मागे रेटत आणले होते. 3 डिसेंबरला पेंटॅगॉनमध्ये दीर्घ बैठक झाली. टोकियोत बसलेल्या जनरल डग्लस मॅकआर्थर यांना सरळ आदेश देण्याची हिंमत कोणी करत नव्हते. रिजवे तेव्हा लष्कराचा उपप्रमुख होता आणि त्या बैठकीत त्याला मताचा अधिकार नव्हता. तरी तो उठून बोलला की आता चर्चा पुरे, तिथल्या माणसांशी आपण उत्तरदायी आहोत, काहीतरी करा. खोलीत शांतता पसरली. बैठक संपल्यावर त्याने हवाईदल प्रमुख व्हॅन्डेनबर्ग यांना विचारले, मॅकआर्थरना आदेश का देत नाही? ते म्हणाले, उपयोग काय, तो पाळणार नाही. रिजवेने विचारले, आदेश न पाळणाऱ्या सेनापतीला दूर करता येते ना? व्हॅन्डेनबर्ग नुसते बघत राहिले आणि निघून गेले.

23 डिसेंबरला कोरियात लढणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या सैन्याचे प्रमुख वॉल्टन वॉकर जीपच्या अपघातात गेले आणि रिजवेला पाठवले गेले. 26 तारखेला तो कोरियात उतरला. आधी त्याने पुढचा सगळा डोंगराळ मुलूख विमानातून कमी उंचीवरून उडत डोळ्यांखाली घातला. मग कडाक्याच्या थंडीत उघड्या जीपने ठाण्यांवर फिरला. सैन्याचे मन खचले आहे, हे त्याला रस्त्यावरच्या शिपायांच्या सलामीवरून कळले. त्यांना हवे होते ते अगदी साधे: हातमोजे, गरम जेवण, घरी पत्र लिहायला कागद. त्याने ते आणवले आणि स्वतःच्या जीपमध्ये जादा हातमोजे ठेवायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांकडे त्याने चढाईच्या योजना मागितल्या, तर समोर माघारीच्याच योजना आल्या. त्याने काही अधिकारी बदलले. 4 जानेवारीला दक्षिण कोरियाची राजधानी सोल पुन्हा गमावली. महिनाअखेरीस चढाई सुरू झाली, फेब्रुवारीत चिपयोंग-नीला वेढ्यातल्या अमेरिकन आणि फ्रेंच तुकड्या हटल्या नाहीत आणि मार्चच्या मध्यावर सोल परत आले. साऱ्या घडामोडीला तीन महिनेही लागले नाहीत.

23 मार्चला मुनसान-नी येथे छत्रीधारी सैन्य उतरले, तेव्हा रिजवे स्वतः छोट्या विमानाने तिथे जाऊन उतरला. त्याच उडीत लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या 60व्या पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सचे बारा जणही होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

अमेरिकन सैन्यातले गोऱ्या आणि काळ्या सैनिकांचे वेगळे गट मोडण्याची परवानगीही रिजवेने कोरियातूनच मागितली आणि मिळताच तसे करून टाकले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश 1948चा होता, अंमल रखडला होता.

तेव्हा हा माणूस लढाईला भिणारा नव्हता. लढाईची किंमत त्याला ठाऊक होती आणि ती कोण चुकवतो हेही. हे दोन्ही ठाऊक असलेल्या माणसाचे 'नाही' वजनदार असते.

मॅकआर्थर आणि रिजवे यांची तुलना टाळता येत नाही, कारण मतभेद कसा करावा याची ही दोन टोके आहेत. मॅकआर्थर यांचेही सरकारशी पटत नव्हते. त्यांना युद्ध चीनपर्यंत न्यायचे होते. त्यांनी जाहीर निवेदने काढली, विरोधी पक्षाच्या नेत्याला पत्र लिहिले आणि ते 5 एप्रिल 1951 रोजी प्रतिनिधीगृहात वाचले गेले. 11 एप्रिलला ट्रुमन यांनी त्यांना काढले आणि त्या जागी रिजवे आला. मॅकआर्थर मायदेशी परतले तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लाखोंची गर्दी लोटली. रिजवेने युद्ध वाढवले नाही. जुलैमध्ये त्याच्याच अधिकाराखाली केसाँगला वाटाघाटी सुरू झाल्या. त्याला मिळालेले उद्दिष्ट मर्यादित होते आणि ते ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्यांचा आहे, हे त्याला मनापासून मान्य होते. मॅकआर्थर यांनी सरकारला जनतेपुढे खेचले. रिजवेने सरकारपुढे वस्तुस्थिती ठेवली, निर्णय सरकारचा मानला आणि तो पाळला. लोकशाहीत सेनापतीला मतभेदाची हीच वाट मोकळी आहे आणि तीच पुरेशी असायला हवी. ती बंद केली की मॅकआर्थर तयार होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे होयबा तयार होतात.

त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही. कोरियातली त्याची रणनीती मुलूख जिंकण्यापेक्षा शत्रूची माणसे मारण्यावर बेतलेली होती. फेब्रुवारीतल्या एका मोहिमेला त्याने 'किलर' हे नाव दिले आणि वॉशिंग्टनने नापसंती कळवल्यावरही त्याचे समर्थन केले. त्याच्या अधिकाराच्या काळातही उत्तर कोरियातल्या शहरांवर बॉम्ब पडतच राहिले आणि तिथल्या सामान्य माणसांच्या हालअपेष्टांचा हिशेब त्याच्या लिखाणात तितक्या काळजीने मांडलेला दिसत नाही, जितक्या काळजीने त्याने आपल्या शिपायांचे हातमोजे मोजले. ही उणीव लहान नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. आयसेनहॉवर सरकारने अण्वस्त्रे आणि हवाईदलावर भिस्त ठेवून पायदळ कापायला घेतले होते. रिजवेच्या दोन वर्षांत लष्कर पंधरा लाखांवरून अकरा लाखांच्या आसपास आले. मग विमानांनी युद्ध जिंकता येत नाही, हे त्याचे म्हणणे आपल्या खात्याचा पैसा वाचवण्यासाठी नव्हते कशावरून? तो हितसंबंध होता, हे मान्य करू. पण खात्याच्या लोभापायी बोलणारा लष्करप्रमुख इंडोचायनात जायला उत्सुक असता. सात डिव्हिजनचे युद्ध म्हणजे सात डिव्हिजनचा पैसा. रिजवेने पायदळ वाढवा म्हटले आणि त्याच दमात ते तिकडे पाठवू नका असेही म्हटले.

त्याचे सरकारशी खरे बिनसले ते संमतीच्या प्रश्नावर. नवा संरक्षण कार्यक्रम संयुक्त सेनाप्रमुखांच्या एकमताने झालेल्या शिफारशीवर आधारलेला आहे, असे जाहीर करण्यात आले. रिजवेची संमती नव्हती आणि ती नसल्याचे त्याने स्पष्ट सांगितले होते. सरकारने त्याचे न ऐकणे हा सरकारचा अधिकार होता. पण ऐकले नाही आणि वर त्याची सही असल्यासारखे दाखवले, यात सल्ल्याची प्रतिष्ठा गेली. राजकारण्यांना सेनापतीचा सल्ला नको असतो, गणवेशाचा शिक्का तेवढा हवा असतो. काँग्रेसच्या समितीने विचारल्यावर त्याने आपले मत लपवले नाही. संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांना ते रुचले नाही. 30 जून 1955 रोजी तो निवृत्त झाला. जाण्याआधी त्याने विल्सन यांना लांबलचक पत्र लिहून आपले सगळे आक्षेप नोंदवून ठेवले.

त्याच्या जागी आला मॅक्सवेल टेलर, रोमला लपून गेलेला आणि शेवटच्या क्षणी उड्डाणे थांबवणारा तोच टेलर. तोही नव्या संरक्षण धोरणाचा टीकाकार होता. पण 1960च्या दशकात तो राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा विश्वासू सल्लागार झाला, संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचा अध्यक्ष झाला, मग सायगावमध्ये राजदूत. मधल्या काळात काय बदलले? माणूस तोच, धैर्य तेच. 1943मध्ये तो स्वतः जाऊन, डोळ्यांनी बघून, 'नाही' सांगायला मोकळा होता. 1961मध्ये व्हिएतनामला जाऊन आल्यावर त्याने तिथे काही हजार सैनिक पाठवावेत अशी शिफारस केली. तो सत्तेच्या आतल्या वर्तुळात होता आणि त्या वर्तुळात प्रश्न 'जावे का' हा उरलाच नव्हता, 'कसे' एवढाच होता. 1965मध्ये सैन्य गेले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन, म्हणजे 1954च्या बैठकीत मित्रराष्ट्रांचे काय असे विचारणारेच जॉन्सन. खोटी आणि फसवी एकवाक्यता पुढच्या तीन वर्षांत किती खोलवर गेली, यावर अमेरिकेत शेकडो पाने लिहिली गेली आहेत. 58 हजारांवर अमेरिकन सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसे गेली.

मार्च 1968मध्ये जॉन्सन यांनी ज्येष्ठांचे एक मंडळ सल्ल्याला बोलावले. त्यात त्र्याहत्तर वर्षांचा रिजवे होता आणि टेलरही. बहुमत युद्धातून बाहेर पडण्याकडे झुकले. रिजवे त्या बाजूला होता, टेलर नव्हता. 31 मार्चला जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरची बॉम्बफेक थांबवल्याचे सांगितले आणि आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असेही. रिजवे पुढे पंचवीस वर्षे जगला आणि 26 जुलै 1993 रोजी पिट्सबर्गजवळ अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारला.

हा सगळा इतिहास मराठी वाचकाने का वाचावा, याचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावात आहे. तिथले शंकरराव थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. रिजवेच्या काळात सुरू झालेल्या वाटाघाटी जुलै 1953मध्ये शस्त्रसंधीपर्यंत पोहोचल्या, तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारताच्या संरक्षक दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख थोरात होते आणि तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. चिनी सैनिक काय असतो, हे या दोघांनी तिथे जवळून पाहिले.

पुढे थोरात पूर्व विभागाचे लष्करी प्रमुख झाले. ऑक्टोबर 1959मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणावर एक सविस्तर टिपण लष्करी मुख्यालयाकडे पाठवले. चीनचा धोका खरा आहे, आत्ताच्या सैन्यबळाने सीमा राखता येणार नाही, इतके सैन्य लागेल, इतके रस्ते लागतील, शत्रूला अमुक ठिकाणी अडवावे लागेल. लष्करप्रमुख थिमय्या सहमत होते आणि त्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेले. मेनन यांनी ते घबराट पसरवणारे ठरवून बाजूला सारले. थोरात गप्प बसले नाहीत, पण वर्तमानपत्रांकडेही गेले नाहीत. मार्च 1960मध्ये लखनौला त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा सराव घेतला आणि चिनी आक्रमण झाले तर काय होईल ते अधिकाऱ्यांपुढे मांडून दाखवले. 1961मध्ये ते निवृत्त झाले. 1962च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. हे टिपण मला का दाखवले गेले नाही, असे नेहरूंनी विचारल्याचे थोरातांनी आत्मचरित्रात लिहिले आहे.

रिजवेचा सल्ला युद्धात पडू नका असा होता, थोरातांचा युद्धाची तयारी करा असा. वरवर पाहता उलटे सल्ले, पण दोन्ही एकाच शिस्तीतून आलेले: आपले बळ किती, रस्ते किती, रसद कुठून येणार, समोरचा काय करू शकतो. उत्साह आणि इच्छा बाजूला ठेवून केलेला हिशेब. पानिपतावर उपाशी राहिलेल्या फौजेचा इतिहास लहानपणापासून ऐकणाऱ्या समाजाला या शिस्तीचे मोल वेगळे सांगायला नको होते. तरी आपण थोरातांचे नाव अभिमानाने घेतो ते कोरियासाठी, ब्रह्मदेशातल्या पराक्रमासाठी. 1959च्या टिपणासाठी क्वचितच.

फरक पडला तो दोन राजधान्यांतल्या कारभारात. वॉशिंग्टनमध्ये 1954 साली लष्करप्रमुखाचा विरोध राष्ट्राध्यक्षांना माहीत होता आणि काँग्रेसच्या नेत्यांनाही विचारून कळू शकला. दिल्लीत 1959 साली तो एका मंत्र्याच्या टेबलावर थांबला. मेनन यांचा अंदाज चुकला हा दोष मी दुय्यम मानतो, अंदाज कोणाचेही चुकतात. एका माणसाला तो कागद अडवता आला, हा खरा दोष.

1 जानेवारी 2020पासून आपल्याकडे संरक्षण दल प्रमुख हे पद आले. तिन्ही दलांत समन्वय हवा, हे बरोबरच आहे आणि त्या पदाला माझा विरोध नाही. पण तिन्ही दलांविषयीचा सल्ला एका माणसाच्या तोंडून जाऊ लागला की मधले मतभेद गाळले जाण्याची भीती असते. 1954मध्ये रॅडफर्डही अशाच पदावर होते. त्यांचे मत म्हणजेच सेनादलांचे मत असे धरले गेले असते, तर अमेरिका तेव्हाच गेली असती. म्हणून एखाद्या दलाच्या प्रमुखाचे मत वेगळे असेल तर ते लेखी, त्याच्याच शब्दांत, सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीपुढे गेले पाहिजे आणि ते अडवण्याचा अधिकार कोणालाही असता कामा नये. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला, गोपनीयता राखून, प्रत्येक प्रमुखाला वेगवेगळे विचारता आले पाहिजे. आणि ठराविक वर्षांनी हे कागद खुले झाले पाहिजेत. 1962च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सहा दशके उलटूनही सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. जो देश साठ वर्षांपूर्वीचा लष्करी सल्ला वाचायला भितो, तिथला आजचा लष्करप्रमुख आपला मतभेद कोणत्या भरवशावर कागदावर उतरवील?

हे बदल कायद्यात आणि नियमांत बसवता येण्याजोगे आहेत, त्यांना फार पैसा लागत नाही. ते मागायचे काम मात्र सेनापतींचे नाही, त्यांनी ते मागूही नये. ते संसदेचे आहे आणि संसदेकडे ते मागण्याचे काम आपले. रात्रीच्या वाहिन्यांवर निवृत्त अधिकारी नकाशापुढे उभे राहून दोन दिवसांत शत्रूची राजधानी घेण्याच्या गोष्टी करतात, तेव्हा त्यांना डिव्हिजन किती लागतील, त्यांना पोसणार कसे आणि ती परत कधी येतील, एवढे तीन प्रश्न विचारणारा एखादा निवेदक आपल्याला मिळाला तरी सुरुवात होईल.